रईस-बोबोंचा आवाज परत घेण्याबाबत

गेल्या शुक्रवारी आमच्या मोहल्ल्याच्या रईसांना, म्हणजे अध्यक्षांना, भर चायखान्यात लोक ‘मुकल्लिद’ म्हणाले आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

असं काही घडलेलं नाही. वरचं वाक्य वाचून झालं असेल तर कृपया विसरावं. मर्गिलान शहरातला आमचा मोहल्ला अत्यंत शांत आहे, रईस-बोबोंची तब्येत उत्तम आहे आणि मी, अबरोर, वय सव्वीस, घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचणारा, कोणाच्याही अध्यात-मध्यात नसलेला माणूस आहे. दाराला आतून कडी लावून लिहितोय ते थंडीमुळे. जून महिना आहे, पण वाजते एकेकाला थंडी.

आधी त्या शब्दाचं सांगतो. मुकल्लिद म्हणजे नकला करणारा. पूर्वी म्हणे लग्नाला असा एक माणूस मुद्दाम बोलवायचे. तो कोंबडा व्हायचा, गंजलेलं दार व्हायचा, नवऱ्यामुलाची आत्या व्हायचा, आणि आत्याबाई रुसून निघाल्या की त्यांच्या रुसून निघण्याचीही नक्कल करायचा. त्याला मानाने वरच्या बाजूला बसवायचे. आता आमच्याकडे हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. एकीने फाटकाला हिरवा रंग दिला आणि आठवड्याने शेजारणीनेही दिला, की शेजारीण मुकल्लिद. एका नानवाल्याने नानवर फुलाचा ठसा उमटवला आणि समोरच्यानेही उमटवला, की तो मुकल्लिद. चायखान्याच्या तुतीवर एक मैना आहे, ती मोटरसायकल सुरू न झाल्याचा आवाज काढते. तीही मुकल्लिद. माझे वडील निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. ते म्हणतात, अख्खा मोहल्लाच मुकल्लिद आहे, फक्त मूळ माणूस कोण होता ते कोणाला आठवत नाही. हे वाक्य त्यांनी कुठून तरी उचललेलं आहे.

मी मात्र जन्मजात. मीटर वाचायला दारोदार जावं लागतं, दारामागून ‘कोण आहे’ असं रोज दीडशे आवाजांत ऐकावं लागतं, आणि ते आवाज येऊन माझ्या घशात बसतात. काहींच्या अंगात येतं, माझ्या घशात येतं. यात माझी काही कर्तबगारी नाही.

या सगळ्या आवाजांत एकच आवाज असा, की जो घशात आला की मीच आधी दाराकडे बघतो. आमच्या मोहल्ला समितीचे अध्यक्ष, रईस एशोनकुल-बोबो. (आमच्याकडे बोबो म्हणजे आजोबा, अका म्हणजे दादा, ओपा म्हणजे ताई.) माणूस बुटका, पण आवाज सहा फुटी. रिकाम्या पिंपात धोंडा टाकल्यासारखा. ते रस्त्याने जाऊ लागले की लोक सिगारेट लपवतात, न ओढणारेसुद्धा हात मागे घेतात. मी सात वर्षांचा असताना त्यांच्या जर्दाळूच्या झाडावर सापडलो होतो. ते रागावले नाहीत. त्यांनी खालून फक्त माझं नाव विचारलं. तेव्हापासून मला कोणी नाव विचारलं की मी आधी पळायची वाट बघून ठेवतो.

हिवाळ्यात एकदा न्हावी तुरगुन-अकांच्या दुकानात, तोंडाला साबण असताना, माझ्या तोंडून तो आवाज निघाला. नुसतं ‘हशरला कोण आलं नव्हतं?’ एवढंच. हशर म्हणजे मोहल्ल्याने मिळून करायचं फुकट काम; ते ऐच्छिक असतं आणि न येणाऱ्याचं नाव खांबावरच्या भोंग्यातून वाचलं जातं. बाजूच्या खुर्चीतला गृहस्थ अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत उठला आणि घरी गेला. उरलेली अर्धी त्याने पुढे कुठे केली कोण जाणे. तुरगुन-अकांनी वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाले, “अरे, हे तुझ्याजवळ आहे हे कोणाला सांगू नकोस.” आणि त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा म्हणजे मोहिरा.

मोहिरा औषधांच्या दुकानात असते. चार महिने मी तिच्याकडून रोज घशाच्या गोळ्या घेतल्या. पाचव्या महिन्यात तिने विचारलं, “तुमच्या घशाला नक्की काय झालंय?” मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, “मग घरी आईला सांगा ना, म्हणजे गोळ्या थांबतील.” मी सांगितलं. आई आणि मावशी रीतीप्रमाणे तीनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. दोनदा नकार मिळाला, तोही रीतीप्रमाणेच. तिसऱ्यांदा मोहिराचे वडील, दुसऱ्या मोहल्ल्यातले सोबिर-अका, म्हणाले, मी चौकशी करतो.

या शब्दाने आमच्या घरातलं जेवण बंद पडलं. आमच्याकडे मुलीकडचे लोक मुलाच्या घरी काही विचारत नाहीत. घरचे काय, आपल्या पोराला फरिश्ताच म्हणणार. ते मोहल्ल्यात विचारतात. नानवाल्याला, न्हाव्याला आणि सरतेशेवटी रईसांना. रईसांनी बरं म्हटलं की नान मोडतात आणि सोयरीक पक्की होते. रईसांनी शिव्या घातल्या तरी एक वेळ चालतं, शिव्यांचा अर्थ लावता येतो. पण रईस गप्प राहिले, तर मुलगा संपला. मागे एका मुलाबद्दल बोबो नुसते छताकडे बघत राहिले होते. तो आता कझाकस्तानात असतो.

आणि नेमके त्याच महिन्यात रईस-बोबो मुके झाले.

घशाची लहानशी शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, चाळीस दिवस एक अक्षर बोलायचं नाही. बोबोंनी नातवाची पाटी दोरीने गळ्यात अडकवली, तोंडावरून लोकरी मफलर गुंडाळला आणि पाटीवर पहिली आज्ञा लिहिली: ‘बाहेर कळता कामा नये.’ खाली तीन रेघा. शेजारच्या मोहल्ल्याच्या रईसांचा त्यांच्या खुर्चीवर डोळा आहे, असं त्यांना वीस वर्षांपासून वाटतं. त्यामुळे अख्खा मोहल्ला जपून गप्प होता. भोंगा बंद, हशर बंद. सवय नसल्यामुळे चायखान्यातल्या पिंजऱ्यांतले लावे पक्षीसुद्धा दिवसाचे झोपायला लागले.

म्हणजे माझी स्थिती अशी. सोबिर-अका विचारणार, बोबो गप्प राहणार आणि मी कझाकस्तानला जाणार.

सल्ला द्यायला माणसं कमी पडली नाहीत. आई म्हणाली, चाळीस दिवस आजारी पड. नानवाला म्हणाला, बोबोंकडून पाटीवर लिहून घे आणि पाटीच नेऊन दाखव. वडील म्हणाले, सरळ जाऊन खरं सांगावं. भूगोलाच्या माणसाला रस्ता दिसतो, खड्डे दिसत नाहीत. तुरगुन-अका कात्री चालवत म्हणाले, “उगाच हिंडतोस कशाला? बोबोंचा आवाज तुझ्याच खिशात आहे की.” मी म्हणालो, मरेन पण असलं काही करणार नाही. त्यावर त्यांनी, मरण्याआधी कानावरचे केस कापून घे, एवढंच सुचवलं.

मी कायदेशीर मार्ग धरायचं ठरवलं आणि गुरुवारी मोहल्ला कार्यालयात चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागायला गेलो. सचिव हुर्रियत-ओपांनी फॉर्म काढला. नाव, वडिलांचं नाव, पत्ता असं भराभर लिहून व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी ‘मुकल्लिद’ लिहिलं.

“ओपा, मी मीटर वाचतो,” मी म्हणालो.

“सगळे तर हेच म्हणतात.”

“खोडा ना.”

“खाडाखोड केलेला दाखला चालत नाही.”

“मग नवा फॉर्म घ्या.”

“नव्या फॉर्मसाठी अर्ज लागतो. अर्ज मंजूर झाला की रईस-बोबो तो भोंग्यावरून वाचतात. वाचल्याशिवाय तो मंजूर धरत नाहीत.” ओपांनी पेनाचं टोपण लावलं. “आणि बोबोंचं तर तुला माहितीये.”

तेवढ्यात फोन वाजला. ओपांनी उचलला, सलाम केला आणि त्यांचा चेहरा नानच्या पिठासारखा झाला. “आहेत ना, सोबिर-अका,” त्या म्हणाल्या. “इथेच बसलेत. देते.” आणि त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मी नको नको अशी मान हलवत होतो. फोनला मान दिसत नाही.

मी मनात तीन वाक्यं जुळवली. मुलगा गुणी आहे. घराणं चांगलं आहे. आमचा आशीर्वाद आहे. ही तीन वाक्यं बोबोंच्या आवाजात म्हणायची आणि फोन ठेवायचा.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढे माझी बाजू घेणारी तेवढी एकच आहे. आवाज म्हणजे टोपी नव्हे, की घातली आणि आपल्याला हवं तिकडे निघालो. आवाजाबरोबर माणूस येतो. आणि बोबोंनी साठ वर्षांत कोणाला चांगलं म्हटलेलं नाही.

“अबरोर?” मी पिंपातून म्हणालो. “चालतो कसा बघितलंत का? हरवलेली टोपी शोधत असल्यासारखा.”

“असं का,” सोबिर-अका म्हणाले.

“हशरला येतो. पण कुदळ सगळ्यात लहान बघून उचलतो.”

“आणि दारूबिरू?”

“तिला हिंमत लागते.”

हुर्रियत-ओपांनी डोळे मिटून घेतले होते. मला थांबायचं होतं, पण बोबो थांबेनात. “सातव्या वर्षी माझ्या जर्दाळूवर चढला होता,” मी म्हणालो. “मनाने अजून खाली उतरलेला नाही. ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, स्वतः या आणि बघा. रविवारी सकाळी सहाला हशर आहे. येताना कुदळ आणा.” कारण बोबोंचा कोणताही फोन असाच संपतो.

फोन ठेवला. आणि बाहेरून, चायखान्याच्या दिशेने, माझंच शेवटचं वाक्य परत आलं: कुदळ आणा. फोन बोबोंच्या टेबलावर होता आणि तिथलं भोंग्याचं बटण कायम चालू असतं, आपलं बोलणं लोकांच्या कानावर सतत पडत राहावं म्हणून. वीस दिवस त्या टेबलाशी कोणी बोललंच नव्हतं, त्यामुळे ते बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अख्ख्या मोहल्ल्याने माझं चरित्र ऐकलं होतं. बाहेर बायका एकमेकींना सांगत होत्या की बोबोंना वाचा फुटली, आणि कोणीतरी साखर वाटत होतं.

“आता काय?” ओपांनी विचारलं. त्यांना वाकून विचारावं लागलं, कारण मी टेबलाखाली होतो. तिथे जायचं मी कधी ठरवलं ते आठवत नाही.

गुरुवारी बोबोंचं बोलावणं आलं नाही. शुक्रवारीही नाही. मी दोन दिवस मीटर वाचले ते सगळे चुकीचे. एका म्हातारीच्या घरी विजेच्या जागी तिचं वजन लिहून आलो. रस्त्यावर काठीचा आवाज आला की मी जवळच्या दारात शिरून, मीटर कुठाय, असं विचारायचो. एकाच घरात चार वेळा विचारल्यावर त्यांनी मला जेवायला वाढलं.

शनिवारी गोळ्या आणायला गेलो. मोहिराने पुडा पुढे केला आणि म्हणाली, “बाबा फार खूश आहेत. म्हणाले, रईस असावा तर असा, स्वतःच्या मोहल्ल्यातल्या पोराचीही बाजू घेत नाही.” मग तिने मागे कोणी नाही ना ते पाहिलं. “तुमच्याबद्दल इतकं वाईट आणि इतकं बरोबर, तुमच्याशिवाय दुसरं कोण बोलणार?”

मी आजूबाजूला टेबल शोधू लागलो.

“घाबरू नका, मी सांगत नाही,” ती म्हणाली. “पण यापुढे माझ्याबद्दल जे बोलायचं ते तुमच्या आवाजात. पातळ आहे, पण मला सवय झालीये.”

रविवारी सहाला सत्तर माणसं कुदळी घेऊन पाटाशी उभी होती. सोबिर-अका सगळ्यात पुढे, इस्त्रीच्या सदऱ्यात, खांद्यावर लांब दांड्याची कुदळ. काम काय ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण काम नव्हतंच. आणि मग काठी ऐकू आली.

बोबो आले. मफलर नाकापर्यंत. ते रांगेच्या कडेकडेने चालत आले आणि माझ्यासमोर थांबले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझी कुदळ सगळ्यात लहान होती. मग त्यांनी मला बोटाने खूण केली, आपल्या पाठीमागे अगदी चिकटून उभं केलं आणि पाटीवर एक शब्द लिहून ती माझ्यापुढे धरली: ‘बोल.’

मी बोललो. त्यांच्या पाठीमागून, त्यांच्याच आवाजात. ते पाटीवर लिहीत होते आणि मी म्हणत होतो, आणि मफलरमुळे समोरच्यांना बोबोच बोलताहेत असं वाटत होतं. पाट साफ करा, असा हुकूम झाला. पाट गेल्याच महिन्यात साफ झाला होता, त्यामुळे आधी वरच्या अंगाने थोडा गाळ आणून टाकावा लागला. पण काम जोरात झालं. लोक किती दिवसांनी शिव्या खात होते. नऊ वाजेपर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर तरतरी होती. माझ्या पाठीवरून मात्र घामाचे ओघळ पाटाच्या वेगाने वाहत होते.

शेवटी सोबिर-अका हात पुसत आले. “रईस-बोबो,” ते म्हणाले, “फोनवर तुम्ही दोष सांगितलेत. मी मानले. आज पाहिलं, मुलगा खरंच तसाच आहे. आता त्याचा एक गुण सांगा, एकच. दुपारी आमच्या घरी नान मोडू.”

सगळे जवळ सरकले. बोबोंनी पाटी पुसली. यावेळी त्यांना बराच वेळ लागला, खडू दोनदा थांबला. मग त्यांनी पाटी मागे, फक्त मला दिसेल अशी धरली. मी वाचली.

‘भित्रा आहे. पण माझा आवाज हातात असूनही स्वतःची बाजू घेतली नाही. मुलगी द्या.’

मला फक्त हे वाचून दाखवायचं होतं. शब्द तयार होते, आवाज तयार होता. मी तोंड उघडलं आणि घशातून काहीही आलं नाही. माझाही नाही, बोबोंचाही नाही. एकोणीस वर्षं मी त्या माणसाला भीत आलो होतो. त्याने खालून नाव विचारलं त्याच्या पलीकडे त्याच्याजवळ माझ्यासाठी दुसरं काही असेल, याची माझ्या घशाला कल्पनाच नव्हती.

सोबिर-अका थांबले. सत्तर माणसं थांबली. पाटाच्या पाण्याचा आवाज येऊ लागला. रईस गप्प होते.

“समजलो,” सोबिर-अका हळू म्हणाले आणि त्यांनी कुदळ खांद्यावर टाकली.

तेव्हा बोबोंनी मफलर ओढून काढला. चाळिसातले तेवीस दिवस झाले होते. ते एक पाऊल पुढे झाले, छाती भरून घेतली आणि बोलले. आवाज निघाला तो कोकराचा. बारीक, कापरा, वरच्या पट्टीतला. “मुलगा चांगला आहे,” ते कोकरू म्हणालं.

मग मागून एक म्हातारा कोणाला तरी म्हणाला, “ही नक्कल नाही जमली.”

सोबिर-अकांचा चेहरा लाल झाला. आपली थट्टा चाललीये असं त्यांना वाटलं. ते आदबीने वाकले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “ज्या आवाजाने दोष सांगितले, त्याच आवाजाने गुण सांगा. तोवर मी वाट बघतो.” आणि गेले. बोबो तिथेच उभे होते, हातातला मफलर कोणाचा तरी असावा तसा धरून. मी त्यांना इतकं बुटकं कधी पाहिलं नव्हतं, आणि तरीही मी एक पाऊल मागे सरकलो.

डॉक्टर म्हणतात, आवाज आता हाच राहील.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो. बोबोंनी भोंग्यावरून हशर पुकारलं तर कोणी आलं नाही. मी पुकारलं तर सगळे आले. आता हुर्रियत-ओपा मला दर शुक्रवारी कार्यालयात पडद्यामागे बसवतात. आणि गेल्या शुक्रवारी, जे घडलेलं नाही असं मी वर सांगितलं आहे त्या दिवशी, भोंग्यावरचं माझं बोलणं संपतं न संपतं तोच बोबोंनी चायखान्यात त्याच हुकमी थाटात, पण आपल्या त्या कोकराच्या आवाजात चहा मागितला. परगावची दोन माणसं हसली. एकजण म्हणाला, “म्हातारा मुकल्लिद आहे वाटतं. रईसांची करतोय, पण जमत नाहीये.” आमच्या माणसांपैकी कोणी त्याला दुरुस्त केलं नाही. मी हसणं ऐकून पडद्यामागून धावत आलो होतो, मीही केलं नाही. बोबोंनी चहाची पियाली उपडी ठेवली आणि काठी टेकत निघून गेले.

शनिवारी पाच वाजता दारावर काठी वाजली. आई पांढरी पडली. मी माजघराच्या खिडकीची उंची मनात मोजली. बोबो आत आले, माझ्या समोर बसले आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, “शिकव.”

आता ते रोज पाचला येतात. मी त्यांचा आवाज काढून दाखवतो, ते त्याची नक्कल करतात. ‘कोण आलं नव्हतं’ बरं जमतं. ‘हशर’ अजून फुटतं. ‘मुलगा चांगला आहे’ हे वाक्य मात्र आम्हाला दोघांनाही त्या आवाजात जमत नाही. तुतीवरची मैना खिडकीत येऊन ऐकत बसते. मला तिच्याकडून थोडी आशा आहे.

म्हणून हा अर्ज.

*प्रति, माननीय मोहल्ला समिती. विषय: वर लिहिलेला. अर्जदाराच्या घशात रईस एशोनकुल-बोबो यांचा आवाज असून तो समितीने पोच देऊन ताब्यात घ्यावा व मूळ जागी बसवावा, ही विनंती. तसेच त्या रविवारी पाटाशी पसरलेली शांतता ही रईसांची नसून अर्जदाराची होती, सबब ती शेरा म्हणून धरू नये, असा दाखला सोबिर-अका यांच्या नावे द्यावा. तसेच व्यवसायाच्या रकान्यातला ‘मुकल्लिद’ हा शब्द खोडावा. खोडता येत नसल्यास तो निदान अर्जदारापुरताच ठेवावा, बोबोंना लावू नये.*

*नियमाप्रमाणे हा अर्ज मंजूर होण्यासाठी रईसांच्या आवाजात भोंग्यावरून वाचला जाणं आवश्यक आहे याची अर्जदाराला कल्पना आहे. तो त्याने स्वतः वाचू नये, अशीही विनंती.*

*आपला, अबरोर. (स्वतःच्या आवाजात.)*